पाटीवरची मात्रा

वसई,
५ फेब्रुवारी २०२४

चि. आलोश,

येशूची स्तुती असो.

पाकिटावर 'आदरणीय फादर आलोशियस' असं ठळक अक्षरात लिहिलंय, ते पोस्टमनसाठी. त्याला कळू दे, पत्र कोणाला चाललंय ते. आत मात्र तू आलोशच आणि मी तुझ्या बापाची बहीण. साठीचा झालास म्हणून मी काही तुला अहोजाहो करायची नाही.

फोन का करत नाहीस, असं तू विचारलंस. अरे, मला आता काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानाने नाताळच्या आधी राजीनामा दिला, डावा त्याच्या पाठोपाठ गेला. यंत्र आणलं होतं, पण त्यात सगळं जग भजी तळल्यासारखं चुरचुरतं, म्हणून ठेवून दिलं कपाटात. शेजारच्या आशालताचा केयूर म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. बोट एका अक्षरावर ठेवावं तर उमटतं तिसरंच. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शुद्धलेखन शिकवलेली बाई मी, ते माझ्या नावावर कसं खपवून घेऊ?

त्यामुळे आता सगळं बोलणं पाटीवर. खरी दगडी पाटी, निवृत्त होताना शाळेतून मागून आणलेली. आलेला माणूस तीवर लिहितो, मी वाचते आणि तोंडाने उत्तर देते. आशालता तर भाजीत मीठ किती घालू हेसुद्धा पाटीवर विचारते, आणि 'मीठ' हटकून ऱ्हस्व लिहिते. मी आधी वेलांटी दुरुस्त करते, मग मिठाचं सांगते.

पंचाईत झाली ती कुमसाराची. पहिल्या शुक्रवारी देवळात गेले, जाळीपाशी गुडघे टेकले आणि नेहमीसारखी पापं सांगायला लागले. मला वाटलं, मी कुजबुजतेय. फादर फर्डिनंड, आपला नवा धर्मगुरू, तिशीतलं पोर, आतून हात हलवत होता. मला वाटलं, आशीर्वाद देतोय. तो हळू बोला म्हणत होता. बाहेर रांगेत अकरा माणसं. संध्याकाळी आशालता दोन अंडी घेऊन आली आणि पाटीवर लिहिलं, 'टीचर, माझ्या कोंबडीला शाप दिलात तर मला सांगायचं ना.' ती बिचारी हिंदू, वाडीवाली, देवळाची पायरीही चढलेली नाही, पण माझं पाप माझ्या आधी तिच्या अंगणात पोचलं होतं.

हस, हस. पण आता कामाचं ऐक. एक पाप असं आहे जे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. दर उपवासकाळात ठरवते आणि दर वेळी कोंबडीवर भागवते. तुला लिहून पाठवलं तर चालेल का? तू वाचायचं आणि तिथूनच हात वर करून माफी द्यायची. चौदा तारखेला राखेचा बुधवार आहे, उपवासकाळ सुरू होईल. लवकर कळव.

तुझी,
अँजेलिना आत्या


बोरटोला, जि. चंद्रपूर,
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्ये,

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि ठसका लागला. इथल्या सिस्टरने पाठीत धपाटे घातले. त्या कोंबडीने काय केलं होतं तेही लिही, म्हणजे शाप योग्य होता की नाही ते ठरवता येईल.

तू गोणीत बांधून दिलेल्या मुनव्यांची केळी आता सोळा वर्षांची झाली. राजेळी या मातीत धरणार नाही असं सगळे म्हणाले होते. या वर्षी तेरा घड लागलेत. देवळात सकाळची मिस्सा झाली की मी तासभर केळीतच असतो. लोक म्हणतात, फादर प्रार्थनेला बसलेत. मी पाणी लावत असतो.

आता तुझा प्रश्न. नाही चालत, आत्ये. कुमसार पत्रातून होत नाही, फोनवरूनही होत नाही. माणसासमोर माणूस लागतो. शिवाय कानात सांगितलेलं माझ्याबरोबर कबरीत जाईल, पण पत्र दहा हातांतून फिरतं, त्याची हमी मी कशी देणार? तू फादर फर्डिनंडकडे जा. पाटी घेऊन जा. लिही, त्याला वाचू दे, मग पुसून टाक. ज्यांना ऐकूबोलू येत नाही त्यांचा कुमसार असाच होतो.

आणि भाच्याकडून घेतलेली माफी जास्त गोड लागेल असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. माफी फादरच्या खिशातली नसते. ती देवाची. आम्ही पंगतीतले वाढपी. एखादा आवडतो म्हणून त्याला जास्त वाढलं, एखाद्यावर राग म्हणून त्याचं पान कोरडं ठेवलं, असं वाढप्याला करता येत नाही. म्हणून कोणताही वाढपी चालतो.

परवा इथल्या एका मुलीने विचारलं, तुम्ही फादर कसे झालात? मी नेहमीचंच सांगितलं. आईने मरताना मला देवाला दिलं. चव्वेचाळीस वर्षं तेच सांगतोय. सुट्टी मिळाली तर मे महिन्यात येईन.

तुझा,
आलोश


वसई,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. आलोश,

तू सांगितलंस तशी पाटी घेऊन गेले. तीन ओळी लिहिल्या. फर्डिनंड चष्मा पुसत होता. त्याने तो नाकावर चढवायच्या आत मी पाटी पुसली आणि त्यावर कोंबडीचं लिहिलं. त्याने मला तीन 'नमो मरिया' सांगितल्या. मी घरी आले.

त्याला का वाचू दिलं नाही सांगू? त्याला कळलं असतं की आपल्या घराचा फादर कसा झाला. तुझी मान खाली जाऊ नये असं मला वाटलं. मग घरी येऊन बसले तेव्हा कळलं, ती तुझी नाही, माझीच मान होती.

तर हे पत्र म्हणजे कुमसार नाही. फादरने वाचू नये, आलोशने वाचावं.

१९८० चा एप्रिल. तुझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. वहिनी काविळीने इस्पितळात. त्या दुपारी तू तिच्याजवळ नव्हतास, कारण तिनेच तुला पानवेलीला पाणी लावायला घरी पिटाळलं होतं. मी एकटी होते. ती पूर्ण शुद्धीवर होती. माझा हात धरून ती आपल्या बोलीत बोलली. मी पुस्तकी करून लिहितेय, कारण बोलीत लिहायला माझा हात धजत नाही. ती म्हणाली, 'आलोशला कुठे पाठवू नको. त्याचा जीव वाडीत आहे. त्याला इथेच राहू दे.' मी हो म्हटलं. अर्ध्या तासात ती गेली.

तू चिखलाच्या पायांनी धावत आलास आणि विचारलंस, 'आई काय म्हणाली?' मी म्हटलं, 'तुला देवाला दिलंय म्हणाली.'

का म्हटलं, ते तुला कळायलाच हवं. तुझा बाप दारूत गेला. आपण देवळात मागच्या बाकावर बसायचो, तेही कडेला. आळीत चार घरांत फादर झाले होते आणि त्यांच्या आया आल्या की लोक वाट करून द्यायचे. मी अडतीस वर्षांची, बिनलग्नाची मास्तरीण. मला फादरची आत्या व्हायचं होतं. पुढे मी त्याला देवाची इच्छा म्हणायला शिकले, पण त्या क्षणी देव माझ्या मनात नव्हता. पहिला बाक होता.

आणि तो मिळाला. तुझ्या पहिल्या मिस्सेला बँड लावला. आईच्या जागी मी उभी राहिले. दीक्षेचं तेल लावलेल्या तुझ्या हातांचा मी पहिला मुका घेतला. घराला लोक फादरचं घर म्हणायला लागले. वाडी करायला कोणी उरलं नाही, आधी दुसऱ्याला कसायला दिली, मग विकली. आज तिथे लग्नाचा हॉल आहे. स्पीकर लागतो म्हणतात. मला ऐकू येत नाही ते बरंच आहे.

तू बोरटोल्यात केळी लावल्याचं कळवलंस, त्या दिवशी मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

डॉक्टर म्हणतात, हृदय दमलंय. ईस्टरच्या आधी ये. मी पाटीवर लिहीन, तू वाच आणि तुझ्या हाताने पूस. मला तेवढं पुरे आहे.

अँजेलिना आत्या


बोरटोला,
१८ मार्च २०२४

प्रिय आत्या,

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. इथे धर्मशिक्षणाच्या परीक्षा होत्या आणि पवित्र आठवड्याची तयारी सुरू आहे.

झालं ते झालं. देव दयाळू आहे. मनात काही न ठेवता फादर फर्डिनंड यांच्याकडे कुमसार करावा. ते वाचतील ते त्यांच्याजवळच राहील, याची खात्री बाळगावी.

ईस्टरला येणं जमणार नाही. मे महिन्याचंही आता सांगता येत नाही. औषधं वेळेवर घ्यावीत.

केळी काढून टाकली. विहिरीला पाणी कमी आहे.

आपला,
फादर आलोशियस


वसई,
२ एप्रिल २०२४

चि. आलोश,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा लाल पेन घेऊन बसले होते, मग ठेवून दिलं.

बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी. कोणी कॉपी केली, कोणी रडत लिहिलं, कोणाच्या आईने लिहून दिलं, सगळं कळायचं. तू पेन इतकं दाबलंस की कागदाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर अक्षरं लागतात. आणि तू मला 'आत्या' लिहिलंस. सेमिनरीतून पहिलं पत्र आलं तेव्हापासून तू 'आत्ये' लिहितोस. व्याकरणात काना असेल, पण हाक मारताना मात्रा लागते, असं तूच मला एकदा ऐकवलं होतंस. या वेळी मात्रेचा काना झाला. एवढंसं अक्षर, पण मला ते दिसतं.

रागावलास, हे बरोबर केलंस. रागावला नसतास तर मी समजले असते की माझा आलोश त्या दवाखान्यातच गेला आणि मी नुसता झगा वाढवला.

'देव दयाळू आहे' असं लिहिलंस. मी देवाबद्दल विचारलं नव्हतं, बाळा.

ईस्टरला मी ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. पोटात पाप ठेवून कसा घेणार? पहिल्या बाकावर बसले होते, रांग माझ्यापासूनच सुरू होते, आणि मी उठले नाही. साऱ्या देवळाने पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तो बाक मला टोचला. दुसऱ्या दिवशी मी मागे जाऊन बसले, कडेला.

तूच लिहिलं होतंस ना, राग आहे म्हणून कोणाचं पान कोरडं ठेवता येत नाही? ते पत्र माझ्या उशाखाली आहे. वाढप्या, माझं पान कोरडं आहे.

तू म्हणशील, फर्डिनंड आहे. आहे. पण मी ज्याचं घेतलं त्याच्याच हातचं मला हवंय. मी खोटं बोलून फादर केला, तो खरा फादर झाला की नाही, हे मला दुसरं कोण सांगणार? तुझ्या हातून माफी मिळाली तर कळेल, माझ्या खोट्यातूनही देवाने काहीतरी खरं केलं. नाही मिळाली, तर तेही कळेल.

माझी तब्येत ठीक आहे. उगीच धावपळ करू नकोस, पण ये.

आत्या


बोरटोला,
१२ एप्रिल २०२४

आत्ये,

खरं लिहितो. आधीचं पत्र खोटं होतं, विहिरीला पाणी आहे. केळी मी स्वतः कुदळीने काढली, एका सकाळी, तेरा घडांसकट. इथली माणसं लांब उभी राहून बघत होती. कोणी जवळ आलं नाही.

तुला माहीत नाही ते सांगतो. १९९९ मध्ये मी बॅग भरली होती. मला हे जमत नव्हतं. एकटेपणा जमत नव्हता, लोकांची दुःखं ऐकून कोरडं राहणं जमत नव्हतं. वाडीत परत जायचं, पानवेल लावायची, जमलं तर लग्न करायचं, असं ठरवून एसटीच्या थांब्यावर उभा होतो. बस आली. मी चढलो नाही, कारण आई आठवली. आईने दिलेलं देवाकडून परत कसं घेऊ, असं वाटलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा मन उडालं तेव्हा मी त्याच शब्दाला धरून राहिलो. तो शब्द तुझा होता. मी पंचवीस वर्षं पहिल्या बाकाला धरून उभा होतो.

आई मला ओळखत होती. माझा जीव कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. तिने मला सोडवलं होतं, आत्ये, आणि ते मला साठाव्या वर्षी पोस्टाने कळलं.

तू माफी मागतेस. मी रोज माफी देतो. दारू पिऊन बायकोला मारलेल्याला दिली, भावाची जमीन लाटलेल्याला दिली. परवा एक म्हातारा आला, त्याच्यासाठी हात वर केला आणि शब्द तोंडातून फुटेनात. तो म्हातारा समजला, आपलं पाप फार मोठं आहे, आणि रडायला लागला. मग मी कसेबसे म्हटले.

मी येत नाही याचं कारण पाणी नाही आणि परीक्षाही नाहीत. देव तुला माफ करील, मला खात्री आहे. पण त्याने ते माझ्या हातून करू नये असं मला वाटतं. मी समोर आलो आणि पाटी पुसली, तर नुसता हात पुसेल. तुला ते कळेल, तुला सगळं कळतं. हात मोकळा झाला की येईन. मला थोडे दिवस दे. थांब माझ्यासाठी.

आलोश


वसई,
२६ एप्रिल २०२४

फादर, नमस्कार.

मी आशालता, टीचरच्या शेजारची. मला पत्र लिहायची सवय नाही. चुका पदरात घ्या, चुका काढणारी गेली.

रविवारी, एकवीस तारखेला सकाळी टीचर गेल्या. तुमचा फोन दोन दिवस लावला, लागला नाही. मयत ठेवू का म्हणून फादर फर्डिनंडनी विचारलं, पण टीचरनी बायबलात चिठ्ठी लिहून ठेवली होती, 'कोणासाठी थांबू नये.' सोमवारी सगळं झालं. देऊळ भरलं होतं. माझा केयूर त्यांच्या हाताखाली शिकलेला, त्याने खांदा दिला.

आता नीट सांगते. सोळा तारखेला त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, जीभ गेली. उजवा हात चालत होता. दवाखान्यात राहायचं नाही म्हणून खूण केली, तेव्हा घरी आणलं. फादर फर्डिनंड येऊन कपाळाला तेल लावून गेले, प्रार्थना केली. टीचर शांत पडून होत्या, पण डोळे दाराकडे. मी आणि माझी सून ज्ञानदा आळीपाळीने बसायचो. कोणी आलं की मान वळायची, मग परत उशीवर.

एकोणीस तारखेला तुमचं पत्र आलं. पाकीट त्यांनी छातीशी धरलं. उघडून दिलं, पण त्यांना वाचता येईना. अक्षरं पळतात अशी बोटांनी खूण केली आणि पाटी माझ्याकडे ढकलली. म्हणजे मी वाचायचं आणि मोठ्या अक्षरात पाटीवर उतरवायचं.

मी वाचलं. तुमच्या घरातलं मला कळायला नको होतं, पण कळलं. ते माझ्या तोंडून कुठे जाणार नाही. वाचेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशा. ज्यांनी माझ्या पोराला अक्षर गिरवायला शिकवलं त्यांना मी कुदळीचं कसं लिहून दाखवू? 'थांब माझ्यासाठी' हे तरी कसं लिहू? थांबायला होतं काय त्यांच्याकडे?

मी लिहिलं, 'प्रिय आत्या, माफ केलं. मी निघालो आहे. आलोश.'

त्यांनी खूप वेळ वाचलं. तीन तर ओळी, पण खूप वेळ. मग खडू मागितला. बोटाने 'आत्या'चा काना पुसला आणि वर मात्रा काढली, 'आत्ये' केलं. मला वाटलं, बघा, जाता जातासुद्धा माझं शुद्धलेखन तपासतायत. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही, आत्याच लिहितात ना? मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. खडूचा हात, सगळा गाल पांढरा झाला. ज्ञानदाने नंतर पुसला.

त्यानंतर पाटी त्यांनी उराशीच ठेवली, कोणाला हात लावू दिला नाही. आणि एक सांगते, तुम्हाला बरं वाटेल. पाटी वाचल्यावर त्यांनी दाराकडे परत बघितलं नाही. अगदी निवांत पडून राहिल्या.

आता माझं. मी मरणाऱ्या माणसाला खोटं लिहून दाखवलं, तेही तुमच्या नावाने, देवाच्या माणसाच्या नावाने. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आमचे भटजी चांगले आहेत, पूजा सांगतात, बारावं-तेरावं सांगतात, पण हे त्यांना सांगायला गेले तर ते पंचांग उघडतील. पाप ऐकून घ्यायची सोय तुमच्यात आहे. म्हणून तुम्हाला लिहिलं. मला माफ करा.

पाटी फडक्यात बांधून ठेवलीय. पुसू का तशीच ठेवू, कळवा.

आशालता


बोरटोला,
३ मे २०२४

आशालताताई,

तुमचं पत्र काल मिळालं. मी आठ दिवस जंगलातल्या गावांत फिरतीवर होतो. आत्या गेल्याचं तुमच्याच पत्रातून कळलं. पत्र वाचून देवळात गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. रडू आलं, पुष्कळ आलं. इथल्या लोकांनी मला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

तुमचं काही चुकलं नव्हतं. 'आत्या'च लिहितात. पण मी तिला 'आत्ये' लिहायचो, अगदी पहिल्या पत्रापासून. फक्त एका पत्रात, राग आला होता तेव्हा, 'आत्या' लिहिलं. तिने ते लगेच पकडलं होतं. म्हणजे तुमच्या पाटीवरचा 'आत्या' हा शब्द वाचताच तिला कळलं असणार की हे आलोशचं नाही. मी माफ केलेलं नाही आणि मी निघालेलोही नाही. म्हणूनच तिने दाराकडे बघणं सोडलं.

तिला शांत वाटलं म्हणून तुम्हाला बरं वाटलं होतं. ते मी हिरावून घेतोय, पण तिच्या बाबतीत आता आणखी एक खोटं मला सोसायचं नाही. आणि त्यापुढचंही खरं आहे. तिने तुमचं लिहिलेलं खोडलं नाही. नीट केलं. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने ते फसवण्यासाठी केलं होतं आणि तुम्ही मायेने केलंत, हा फरक तिला कळला. म्हणून तुमच्या गालावर हात ठेवला. जी मात्रा मी द्यायची होती ती तिने स्वतःच्या हाताने लिहून घेतली.

मी तिला एकदा ऐटीत लिहिलं होतं की फादर म्हणजे वाढपी, माफी त्याची नसते, तो फक्त वाढतो. पळी माझ्या हातात होती. दीड महिना मी ती तशीच धरून उभा राहिलो आणि पान कोरडं ठेवलं. तुम्ही पंगतीबाहेरच्या, तुम्हाला कोणी तेल लावलं नाही, झगा दिला नाही, आणि तुम्ही येऊन वाढून गेलात. मी एकतीस वर्षं जे काम करतो ते त्या दिवशी आमच्या घरात तुम्ही केलंत.

तुम्ही माझ्याकडे माफी मागता. ख्रिस्ती नसलेल्याचा कुमसार घेता येत नाही असा नियम आहे. नियमाआड मी आत्तापर्यंत पुष्कळ बसलो. म्हणून फादर म्हणून काही सांगत नाही. माणूस म्हणून सांगतो, तुम्ही अन्न गोड लागू द्या. माफी मला मागायची आहे आणि जिच्याकडे मागायची ती चिठ्ठी लिहून गेली, कोणासाठी थांबू नये.

काल संध्याकाळी एक बाई कुमसाराला आली. मी हात वर केला, शब्द म्हटले, ती हलकी होऊन गेली. मी तिथेच बसून राहिलो. माझ्यातून इतकं जातं, त्यातलं मला काही लागत नाही. आईने मला दिलं नव्हतं, देवाने बोलावलं होतं की नाही ते मला माहीत नाही. आता जायला वाडीही नाही. पण उद्या सकाळी घंटा झाली की माणसं येतील, म्हणून मी उठेन.

केळी काढताना एक मुनवा नजरेतून सुटला होता. कालच दिसला, वीतभर आलाय. तो मातीसकट ओल्या गोणपाटात बांधलाय. कबरस्तानात लावू देत नसतील तर तुमच्या परसात एक कोपरा द्या, कोंबडी पोचणार नाही असा.

पाटी पुसू नका. तिच्या मात्रेला हात लागू देऊ नका. खालच्या दोन ओळी तेवढ्या मला माझ्या अक्षरात लिहायच्या आहेत. पहिली तिच्या कबरीपाशी बसून लिहीन. दुसरी इथूनच लिहितो.

मी निघालो आहे.

आलोश